सोमवारचं रसायन

"हे कुणाला खरं वाटणार नाही, तेवढं आधी लिहून घे," मी सिद्धीला म्हणालो. "छत्तीस वर्षांत माझं कुणी खरं मानलेलं नाही. आता या वयात लोकांनी सवय बदलावी अशी माझी अपेक्षाही नाही."

सिद्धी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी गोळा करत हिंडत होती. मांडीवर वही, वहीवर मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. तिला यादी करून दिली होती: देणगीदार, माजी प्राचार्य, माजी विद्यार्थी आणि शेवटी 'इतर'. इतरांत मी. रंगनाथ टोणपे, रसायनशास्त्र विभागाचा प्रयोगशाळा परिचर, निवृत्त. पोरं मला मामा म्हणत.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला हौसा, माझी बायको, सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. पाठ आमच्याकडे.

"आजींना पण बोलवा ना," सिद्धी म्हणाली.

"राहू दे. तिला कमी ऐकू येतं."

"सगळं ऐकू येतं," हौसा म्हणाली.

"सोयीनं येतं," मी म्हणालो आणि सुरुवात केली.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या विभागात वैजयंती शेडबाळे नावाची मुलगी डॉक्टरेट करत होती. बारीक अंगाची, जाड चष्म्याची आणि हट्टी. ती जे बनवत होती त्याचं नाव एवढं लांब, की चिठ्ठी बाटलीला दोनदा गुंडाळूनही नाव उरायचं, ते झाकणावर लिहावं लागे. रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांच्या घराण्यातली वस्तू होती. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागत. एक कडू बदामाच्या वासाचं तेल, दुसरा पिकल्या फळासारख्या वासाचा पातळ पदार्थ आणि तिसरा युरिया, तोच, उसाला घालतात तो. तिघांना एका भांड्यात घातलं तर वर्षभर एकमेकांकडे बघत बसतील. त्यांचं जुळवून द्यायला कुणीतरी चौथा लागतो, जो जुळवून देतो आणि स्वतः होता तसाच राहतो. त्याला उत्प्रेरक म्हणतात. हे तुला माहीत आहे, पण स्मरणिका आमदारही वाचणार म्हणून सांगितलं.

जुन्या पद्धतीत हा चौथा म्हणजे जळजळीत ॲसिड. ते घालून स्पिरिटात, आणि स्पिरिटाहून वाईट असलेल्या द्रावकांत, सगळं अठरा तास उकळत ठेवायचं. अठरा तास ते उकळे आणि अठरा तास वैजयंती त्याच्याजवळ बसे. दोन वर्षांत तिला धाप लागायला लागली. पर्समध्ये कंगवा असायचा तिथं दम्याचा पंप आला. डॉक्टर म्हणाले, "बाई, फुप्फुसं हवीत की डिग्री, ते एकदा ठरवा." तिनं दोन्ही हवं असं ठरवलं.

तिचे मार्गदर्शक उपळेकर सर. खिशात तीन पेनं, डोक्यात देव नाही, असा माणूस. ते म्हणाले, उकळणं बंद. स्पिरिट बंद. आपल्या तालुक्यात उसाच्या चिपाडाला तोटा नाही. चिपाडाची राख करू, तिच्यावर थोडी प्रक्रिया करू, ती उत्प्रेरक. आणि सगळं कोरडंच बॉल मिलमध्ये घालू.

बॉल मिल नवीन आली होती. आडवं ठेवलेलं चिनी मातीचं पिंप, आत लिंबाएवढ्या चिनी मातीच्याच गोळ्या. बटण दाबलं की पिंप जागच्या जागी लोळत राहतं आणि गोळ्या आत जे असेल त्याचं पीठ करतात. मिल सरकारी अनुदानातून आली. उरलेल्या अनुदानातून सरनोबत प्राचार्यांनी प्रयोगशाळेला हिरवा रंग लावून घेतला, कारण अर्जावर 'हरित रसायनशास्त्र' असं छापलं होतं. फक्त स्टोअररूमचं दार राहिलं. मिलच्या बरोबर समोर ते दार. त्याची खालची फळी एकदा ॲसिड सांडून खाल्ली गेली होती. उंदीर तिथून न वाकता ये-जा करत.

"न वाकता?" सिद्धीनं विचारलं.

"मोठे असतील तर जरा मान खाली घालून."

पहिला प्रयोग झाला तो सोमवारी. वीस मिनिटं पिंप लोळलं. उघडलं तर आत पांढरीशुभ्र भुकटी. वितळबिंदू दोनशे दोन अंश, म्हणजे पुस्तकात होता तोच. उत्पादन शंभरात चौऱ्याण्णव. वैजयंती स्टुलावर बसली ती बराच वेळ उठलीच नाही. सरांनी मला पेढे आणायला पाठवलं.

मंगळवारी सत्तर आलं. बुधवारी चाळीस. गुरुवारी आत नुसता राखेचा चिखल. शुक्रवार, शनिवार, तोच चिखल. आणि पुढच्या सोमवारी परत त्र्याण्णव.

आता सिद्धी, मला जरा गिरणीत जावं लागेल.

आमच्या गावात पिठाची गिरणी एकच, महालिंगची. महालिंग आधी आमुशेच्या आदल्या दिवशी शिकेकाई दळून द्यायचा. दळून झाली की अर्धा दिवस जातं झाडायचा. एकदा झाडायला विसरला. दुसऱ्या दिवशी ज्या घरी ज्वारी गेली, त्या घरात भाकरी तव्यावर टाकली की फेस यायचा. भाकरी फुगायच्या ऐवजी फेसाळायची. एका म्हाताऱ्यानं चतकोर खाल्ली आणि त्याचे उरलेले चार दात लख्ख झाले. पण बाकीच्या लोकांनी भांडण काढलं आणि महालिंगनं पाटी लावली: 'शिकेकाई दळून मिळणार नाही.'

गावातल्या बायका अडचणीत आल्या. मिक्सरची पाती शिकेकाईला टिकत नाहीत. खलबत्त्यात कुटायचं तर वाड्यावस्तीला शिंका. आणि सगळ्यांत मोठी अडचण सरनोबत बाईसाहेबांची. प्राचार्यांच्या पत्नी. त्यांचे केस गुडघ्याच्या खाली. एका रविवारी त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं. पुढ्यात डबा. आत शिकेकाईच्या शेंगा, रिठा, नागरमोथा, संत्र्याची वाळकी साल, सगळं.

"टोणपे, तुमच्या विभागात म्हणे दळायचं काहीतरी यंत्र आलंय?"

"आलंय बाईसाहेब. पण ते औषधाचं आहे."

"मग हे काय विष आहे?"

मी तेव्हा चौदा वर्षं हंगामी होतो. मला कायम करायचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर, पेपरवेटखाली. सिद्धी, तूच सांग, कुठल्या हंगामी माणसानं प्राचार्यांच्या बायकोला नाही म्हटलंय? मी डबा घेतला.

अशी दीड किलो शिकेकाई पंधरा मिनिटांत मैद्यासारखी झाली. बाईसाहेबांनी ती भिशीत दाखवली. पुढच्या रविवारी सतरा डबे आले.

"अकरा," हौसा म्हणाली. पाठ वळवली नाही.

"अकरा," मी म्हणालो. "पैसे मी कुणाकडून घेतले नाहीत. गिरणीचा रिवाज म्हणून डब्यामागं मूठभर शिकेकाई काढून घ्यायचो. ती घरी. आमच्या घरी शिकेकाईचा डबा कधी रिकामा नसे, आणि त्यात गावातल्या अकरा घरांचा वास. संध्याकाळी पिंप कोरड्या फडक्यानं पुसून ठेवायचो. धुतलं असतं तर फेस झाला असता. आणि फेस दिसला की लोक विचारतात."

सिद्धीनं वहीवरून मान वर केली. "रविवारी शिकेकाई. सोमवारी चौऱ्याण्णव टक्के."

"तू हुशार आहेस. आमच्या विभागात तेव्हा तीन पीएच.डी. होते, त्यामुळं वेळ लागला."

आठवडाभर वैजयंती पिंप रोज धुवायची, स्पिरिटानं. रोज थोडी थोडी शिकेकाई निघून जायची. गुरुवारपर्यंत पिंप खरोखरच स्वच्छ. पण तिला काय माहीत! ती मिलच्या शेजारी बसून वहीत लिहायची. डॉक्टरांनी तिला रोजच्या शिंका आणि खोकला मोजायला सांगितलं होतं. वेगळी वही कुठं करायची म्हणून ती समासातच लिहायची. 'सोमवार. उत्पादन ९४. शिंका सात. मंगळवार. उत्पादन ७०. शिंका चार. गुरुवार. उत्पादन शून्य. शिंका नाहीत. बरं वाटतंय.'

उपळेकर सरांनी आलेख काढला. आडव्या रेषेवर वार, उभ्या रेषेवर टक्के. असा आलेख जगात दुसरा नसेल. मग त्यांनी शास्त्रशुद्ध शोध सुरू केला. सोमवारी एमआयडीसी बंद असते, म्हणून आपल्याकडं व्होल्टेज चांगलं येत असणार, स्टॅबिलायझर आणला. गुरुवारी चिखलच. सोमवारी नळाला दुसऱ्या टाकीचं पाणी येतं. खरं तर या प्रयोगात पाणी नव्हतंच, तरी पाणी तपासलं. मग मला बोलावलं.

"टोणपे, सोमवारी इथं काय वेगळं असतं?"

"काही नाही सर. शंकराचा वार."

"मी देव मानत नाही."

"तो वाईट वाटून घेत नाही सर."

पुढच्या सोमवारी मिलच्या बटणाशेजारी बेलाचं पान होतं. मी ठेवलेलं नव्हतं.

"आणि तुम्हाला कधी कळलं मामा?" सिद्धीनं विचारलं.

हे ती विचारणार हे मला ठाऊक होतं. "तिसऱ्या सोमवारी," मी म्हणालो. "मी पिंपाचं झाकण काढून दिलं आणि मलाच शिंक आली."

"मग सांगितलं का नाही?"

"चौदा वर्षं हंगामी होतो, हे लिहिलंस ना? सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की औषधाच्या यंत्रात मी प्राचार्यांच्या बायकोची शिकेकाई दळतो? त्या दिवशी कागद पेपरवेटखालून निघून केराच्या टोपलीत गेला असता. आज सांगू, उद्या सांगू, करता करता सात आठवडे गेले. मला वाटलं, एवढे शिकलेले लोक आहेत, काढतील शोधून."

सुपातल्या शेंगांचा आवाज थोडा वेळ थांबला. परत सुरू झाला.

मग विद्यापीठाचं पत्र आलं. वैजयंतीची मुदत महिनाअखेर संपत होती. त्याआधी डॉ. खंबाटे नावाचे तज्ज्ञ येणार आणि त्यांच्यासमोर प्रयोग करून दाखवायचा. तारीख पडली गुरुवारची. सरांनी कळवलं, सोमवारी यावं. उत्तर आलं, एका ओळीचं: 'जी प्रक्रिया फक्त सोमवारी होते, ती मला गुरुवारी दाखवावी, अन्यथा तिला प्रक्रिया म्हणू नये.'

बुधवारी दुपारी वैजयंती पिंप धूत होती. नाकाला ओढणी. मी बाटल्या पुसत होतो.

"मामा, उद्या होईल?"

"होईल की."

"कशावरून?"

मी बाटली पुसली. पुसलेलीच होती.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या नाही झालं तर परत जुनी पद्धत. ॲसिड, स्पिरिट, अठरा तास. सर मुदतवाढ मागतील. सहा महिने काढले की प्रबंध पुरा होतो."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरांना सांगणार नाही." ती हसली आणि हसता हसता खोकली. खोकला थांबेना. पंप काढला, दोनदा दाबला. पिंपाला हात टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, मला तुमचं आवडतं. तुम्ही कशाचं टेन्शन घेत नाही."

मी घरी गेलो. जेवण गेलं नाही. हौसानं विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. पिंप, सोमवार, शिंका, पेपरवेट. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा."

ओसरीच्या टोकाला हौसा मोठ्यानं खाकरली.

"शेंगांची धूळ," मी सिद्धीला म्हणालो.

गुरुवारी अकरा वाजता खंबाटेसाहेब आले. तपकिरी बूट, चांगल्या चामड्याचे, उजव्या बुटाची नाडी सुटलेली. ते मिलपाशी उभे राहिले. शेजारी उपळेकर सर, कोल्हापुरी चपला, एक पाय दुसऱ्या पायावर घासत होते. पेपर तपासतानाही त्यांना ती खोड होती. वैजयंतीनं पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते. पिंप फिरायला लागलं तेव्हा ती टाचा उचलून उंच झाली आणि वीस मिनिटं तशीच राहिली. माणूस वीस मिनिटं चवड्यांवर उभा राहू शकतो हे मला तेव्हा कळलं.

पिंप थांबलं. झाकण निघालं. आत चमचा खरवडल्याचा ओला आवाज आला. भुकटीचा आवाज कोरडा असतो. मी काय ते ओळखलं.

मग पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला. तपकिरी बूट दाराकडे वळले.

तेवढ्यात त्याच दारातून एक वहाण आत आली. अंगठ्याला तारेचा टाका मारलेली. हौसा माझा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिला बघून मला धीर आला आणि मी बोललो.

"साहेब, त्यात शिकेकाई न्हाई."

तपकिरी बूट थांबले. "काय नाही?"

"शिकेकाई. रविवारी या पिंपात शिकेकाई दळत्यात. म्हणून सोमवारी रसायन हुतं. पोरीची काही चूक न्हाई."

"आपण कोण?"

"टोणपे."

"आणि ही शिकेकाई कुणाची?"

इथं सिद्धी, सगळं अडलं होतं. बाईसाहेबांचं नाव घेतलं असतं तर कागद गेला असता. मी नाव घेतलं नाही. मी म्हणालो, "आमच्या घरची."

"दर आठवड्याला दळण लागतं? एवढी?"

"आमचे केस लांब हायती साहेब."

सिद्धीनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावर लग्नाच्या आधीपासून काही नाही.

"तेव्हा होते," मी म्हणालो.

"बरं," तिनं लिहून घेतलं.

मग वैजयंतीचे बूट पहिल्यांदा हलले. ती टेबलाकडे धावली, वही घेऊन परत आली. पानं फडफडली. खंबाटेसाहेब वाचत होते, मोठ्यानं: "सात शिंका, चौऱ्याण्णव. चार शिंका, सत्तर. शिंका नाहीत, शून्य." मग म्हणाले, "उपळेकर, तुमच्या आलेखात वार घ्यायला नको होते. शिंका घ्यायला हव्या होत्या."

सरांचा पाय घासायचा थांबला.

"शिकेकाई मिळेल का आता?"

डबा उघडल्याचा आवाज झाला. हौसानं जेवणाच्या डब्याबरोबर शिकेकाईचाही डबा आणला होता.

"जेवणाबरोबर शिकेकाई?" सिद्धीनं विचारलं.

"गुरुवार होता. तिचा न्हायचा वार."

"घरी न्हायचं तर डबा कॉलेजात कशाला?"

"तुला रसायनशास्त्र शिकायचंय की माझा संसार?" मी म्हणालो आणि पुढं गेलो.

साहेब म्हणाले, राख नको. चिपाडाची राख अजिबात घालू नका, नुसती ही घाला. पिंप धुतलं, पुसलं, बदामाचं तेल, फळाच्या वासाचं ते, युरिया आणि वर एक मूठ. वीस मिनिटं. झाकण निघालं आणि शिंका सुरू झाल्या. सरांना चार आल्या. वैजयंतीनं पंप आधीच ओढून घेतला होता, तिला दोनच. खंबाटेसाहेबांना अकरा. अकराव्या शिंकेला कपाटातले सगळे फ्लास्क एकदम वाजले, दोनशे फ्लास्क, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि सगळ्यांत लहान एक फुटला. त्याच्या काचा माझ्याच खाती लागल्या.

पिंपात पांढरी भुकटी. वितळबिंदू काढला. दोनशे दोन.

वैजयंतीच्या टाचा जमिनीला टेकल्या. मग गुडघे टेकले. ती खाली बसून रडत होती. सर तिच्या शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी खिशातलं एक पेन तिला दिलं. रुमाल नव्हता म्हणून असेल.

पुढचं थोडं आहे. तिनं प्रबंध सगळा नव्यानं लिहिला. चिपाडाच्या राखेची तीन प्रकरणं फाडून टाकली. पुढे तर मिलही लागेना. शिकेकाई पाण्यात उकळायची, गाळायची, त्या पाण्यात तिघांना ढवळायचं. धूळ नाही, शिंका नाहीत, स्पिरिटाचा थेंब नाही, उरलेलं पाणी बागेत ओतलं तरी जास्वंद जगते. ॲसिडाचं काम न्हाणीघरातल्या शेंगेनं केलं. महिनाअखेरच्या आदल्या दिवशी प्रबंध गेला. तो पंप ड्रॉवरमध्ये पडून राहिला आणि त्याची तारीख उलटली म्हणून टाकावा लागला. ती आज औषधांच्या मोठ्या प्रयोगशाळेत आहे, हाताखाली चाळीस माणसं.

आणि मी? निघताना खंबाटेसाहेब माझ्यापाशी आले. हात जोडले. म्हणाले, "टोणपे, तुम्ही आज तुमच्या नोकरीपेक्षा या मुलीचा श्वास मोठा मानलात. विज्ञानाला अशी माणसं लागतात." पंधरा दिवसांत पेपरवेटखालचा कागद सही होऊन आला. बाईसाहेबांचं नाव कुठंही आलं नव्हतं ना. रविवारचं दळण मात्र बंद झालं. कॉलेजनं शिकेकाईसाठी वेगळं पिंप घेतलं आणि त्यावर पाटी लावली: 'फक्त संशोधनासाठी.'

"झालं," मी म्हणालो. "आठवणीला नाव काय देशील?"

"'टोणपेमामांचं धाडस' असं लिहिलंय मघाशी," सिद्धी म्हणाली. ती वहीत मागं मागं जात होती. "मामा, एक विचारू? खंबाटेसाहेब दिसायला कसे होते?"

"भारदस्त."

"चष्मा होता?"

"असेल."

"मिशा?"

"मोठ्या माणसांच्या मिशा कोण बघतं!"

"पण नाडी उजव्या बुटाची सुटली होती."

"उजव्याच."

"सरांच्या चपला कोल्हापुरी. मॅडमचे बूट कॅनव्हासचे. आजींच्या वहाणेला तारेचा टाका." तिनं वही मिटली. "सगळ्यांचे पाय आहेत मामा. तोंड एकाचंही नाही. तुम्ही साहेबांच्या समोरच उभे होता ना?"

"समोरच. मान खाली होती. नम्रपणानं."

हौसानं सूप खाली ठेवलं. पदरावरची टरफलं झाडली आणि पहिल्यांदा आमच्याकडे तोंड करून बसली.

"खोटं," ती म्हणाली.

"अगं—"

"भाकरीला फेस आला ते खरं. मीच केली हुती ती भाकरी. फ्लास्क वाजले तेबी खरं. पर साहेबाम्होरं हुभी हुते ती मी. ह्ये बुधवारी माझ्याकडं मूठभर शिकेकाई मागत हुते, गपचिप पिंपात टाकतो म्हणून. म्या दिली न्हाई. म्हटलं, पोरीच्या डिग्रीत चोरून कशाला घालताय, नाव घिऊन घाला. गुरुवारी मीच डबा घिऊन गेले. तवा ह्ये स्टोअरात, आतनं कडी लावून." तिनं एक शेंग फोडली, दाणे सिद्धीच्या हातावर ठेवले. "त्या दाराखाली चार बोटं फट हाय, पोरी. तितनं पायच दिसत्यात."